काय देऊ, मॅडम?

शुक्रवारची संध्याकाळ. मिहानमधल्या ऑफिसातून सुटलेली आमची आठ जणांची गँग. अप्रेझल नुकतंच उरकलेलं, टीम लीडरचा मूड झकास आणि ट्रीटही त्याच्याचकडून. तर्री पोहे नकोत, पिझ्झा नको, आज काहीतरी हटके पाहिजे, असं सगळ्यांचं एकमत. तेवढ्यात आमच्यातल्या एका के-ड्रामावेड्या पोरीने मोबाईल पुढे केला. ‘धरमपेठेच्या बाजूला एका गाडीवर कोरियन फ्राइड चिकन मिळतंय. जाम भारी आहे म्हणे. चला ना!’

सगळे ‘चला’ म्हणाले. मीही म्हणाले. पण पोटात गोळा आला होता. कारण ती गाडी कुणाची, हे त्या आठ जणांत फक्त मलाच माहीत होतं.

माझ्या सख्ख्या भावाची!

आम्ही पोचलो तेव्हा दादा कढईपाशी होता. काळा ॲप्रन, डोक्याला रुमाल, कपाळावर घाम. त्याने मान वर केली, मला बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. नेमकी त्याच क्षणी मी मान खाली घालून फोनमध्ये डोकं खुपसलं. नसलेला मेसेज वाचायला लागले.

एक सेकंद. फार तर दीड. तेवढ्यात दादाला सगळं कळलं.

‘काय देऊ, मॅडम?’ त्याने विचारलं.

मला. त्याच्या बहिणीला. जिला सायकल शिकवताना त्याने स्वतःचे गुडघे फोडून घेतले होते, तिला.

पुढचा अर्धा तास मी कशी उभी होते, माझं मला माहीत. चिकन मात्र सॉलिड झालं होतं. आमची गँग बोटं चाटत होती. दादा एकेकाला समजावून सांगत होता, तिखट किती, गोड किती, सोबतचा मुळा आधी खायचा की नंतर. परत निघताना टीम लीडर म्हणाला, ‘काय प्रेझेंटेशन आहे यार याचं! हा माणूस शिकला असता ना, तर आज मॅनेजर असता.’

सगळे हसले. मीही हसले.

माझा दादा कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली आहे त्याने. शेवटची तीन वर्षं मॅनेजर म्हणून.

*

२०२३ च्या फेब्रुवारीत एका व्हिडिओ कॉलवर त्याची नोकरी गेली. कॉल पंधरा मिनिटांचा. त्यातली पहिली पाच मिनिटं ‘आवाज येतोय का’ विचारण्यात गेली, असं तो आता हसत सांगतो. तेव्हा हसत नव्हता. चार महिने पुण्यात काढले, मग फ्लॅट सोडून मनीषनगरला घरी आला. वर्षभर इंटरव्ह्यू दिले. कुठे पगार अर्धा, कुठे ‘वी विल गेट बॅक टू यू’. आणि मग एका रात्री जेवता जेवता त्याने जाहीर केलं, ‘मी कोरियन चिकनची गाडी लावतोय.’

आई म्हणाली, ‘कसलं चिकन?’

बाबा काहीच म्हणाले नाहीत. ताटातला भात संपवला, हात धुतले आणि बेसिनपाशी उभं राहूनच म्हणाले, ‘चार वर्षं इंजिनीअरिंगची फी भरली, ते कोंबड्या तळायला?’ त्यानंतर महिनाभर दोघांत फक्त ‘गॅस आला का’ आणि ‘चावी कुठे आहे’ एवढंच बोलणं.

दादाला हे खूळ पुण्यात लागलं होतं. रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आहेत, त्यामुळे पुण्यात कोरियन माणसं आणि त्यांच्यासाठीची हॉटेलंही आहेत. तिथे त्याने ते पहिल्यांदा खाल्लं. मग लॉकडाउनमध्ये सगळ्या देशाने ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बघितलं आणि त्यातली माणसं सारखी फ्राइड चिकन खाताना पाहून आपल्यासारख्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. म्हणजे मार्केट तयार होतं. पण नागपूरकराला चिकन खायला घालणं म्हणजे बनारसला जाऊन पान विकणं! इथे गल्लोगल्ली सावजी. पाचपावली, गोळीबार चौक, इतवारी... तर्रीचा लाल थर दिसला नाही तर आपल्याकडे चिकनला चिकन म्हणत नाहीत.

दोन महिने आमचं किचन म्हणजे लॅब झालं होतं. त्यात मला कळलेला फंडा तुम्हालाही सांगते. कोरियन चिकनचं गुपित मसाल्यात नाही, दोनदा तळण्यात आहे. आपण मॉलमध्ये खातो त्या अमेरिकन चिकनला मैद्याचं जाडजूड, खरखरीत कवच असतं. कोरियन कवच पातळ, जवळजवळ काचेसारखं. म्हणून मैदा नावापुरता, बाकी कॉर्नफ्लोअर किंवा बटाट्याचं स्टार्च. अर्धा किलो तुकड्यांना मीठ, मिरपूड, किसलेलं आलं चोळून अर्धा तास ठेवायचं. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअरमध्ये दोन चमचे मैदा मिसळून त्यात घोळायचं. पहिलं तळणं साधारण १६० अंशांवर आठ ते दहा मिनिटं. मग बाहेर काढून जाळीवर दहा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. या वेळात आतला ओलावा कवचापर्यंत येतो. आता तेल १८० ते १९० अंशांपर्यंत तापवून पुन्हा दोन-तीन मिनिटं तळलं, की तो ओलावा उडून जातो. म्हणूनच वरून सॉस लावला तरी चिकन लगेच मऊ पडत नाही. घाई करून एकदाच तळाल तर दहा मिनिटांत लोळागोळा!

तळण जमलं. अडलं ते सॉसपाशी. या सॉसचा जीव गोचुजांग नावाच्या पेस्टमध्ये असतो. मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन. (‘सोयाबीन? त्याच्यासाठी कोरियाला कायले जाऊन राहिला? आपल्या विदर्भात शेतंच्या शेतं हायेत,’ इति आजी.) ऑनलाइन डबा मिळतो, पण महाग. म्हणून दादाने गोचुजांग कमी करून भिवापुरी मिरची वाढवली. आपल्याच जिल्ह्यातली, जीआय टॅग मिळालेली, लालभडक रंगाची. त्यात लसूण, सोया सॉस, थोडं केचप. चव झकास, पण सॉस चिकनवर टिकेना. घसरून प्लेटमध्ये तळं साचायचं.

आजी ओट्यापाशी खुर्ची टाकून बसायची. वय त्र्याऐंशी. तीन दिवस गप्प बसून तिने तमाशा पाहिला आणि चौथ्या दिवशी म्हणाली, ‘पाक कच्चा हाय तुया. बुंदीले तरी चिकटते का असा पाक? गूळ टाक. तार येऊ दे, मंग बाकीचं टाक.’

दादाने गूळ टाकला. तार येऊ दिली. सॉस असा काही बसला की प्रत्येक तुकड्याला वार्निश मारल्यासारखी चमक!

*

त्या शुक्रवारी रात्री दादा साडेअकराला घरी आला. मी जागीच होते. त्याने पिशवीतून दोन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. ‘तुझ्या टीमला आवडलं ना बे?’ एवढंच विचारलं. मी ‘हाव’ म्हणाले. तो आंघोळीला गेला.

रागावला असता तर बरं झालं असतं. झोप येईना. मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं, फोन काढून बसले. दादाच्या चिकनची कुंडली शोधत गेले आणि वाचता वाचता पहाटेचे तीन वाजले.

तुम्हाला वाटत असेल, कोरियात शतकानुशतकं हे चिकन खातात. छे! १९७७ साली सोलमधल्या शिनसेगे नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात ‘लिम्स चिकन’ सुरू झालं, ते तिथल्या पहिल्या फ्राइड चिकन दुकानांपैकी एक. त्या दशकात तिथे तेल आणि कोंबडी सामान्य माणसाला परवडायला लागली होती. लाल, गोड-तिखट सॉसचं चिकन आलं ते १९८० च्या आसपास, देगू शहरात. यून जोंग-गे नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं की चिकन गार झालं की कवच कडक होतं आणि गिऱ्हाइकांच्या तोंडाला टोचतं. त्यांनी सॉस करायला घेतला. महिनोन्‌महिने जमेना. शेवटी शेजारपाजारच्या एका म्हातारीने सुचवलं, पाक घालून बघ. ही गोष्ट त्यांनीच पुढे टीव्हीवर सांगितली. मी अंथरुणात उठूनच बसले. देगूतही एक आजी होती!

पण खरा धक्का पुढे होता. १९९७ च्या शेवटी आशियातल्या आर्थिक संकटाने कोरियाला गाठलं. देशाला आयएमएफपुढे हात पसरावे लागले. बड्या बड्या कंपन्यांतून माणसं घरी बसली. चाळिशीतली, टायवाली, घराचे हप्ते डोक्यावर असलेली माणसं. कंपनीने हातावर ठेवलेल्या पैशांतून त्यांतल्या कितीतरी जणांनी काय सुरू केलं असेल? चिकनचं दुकान! जागा छोटी चालते, भांडवल कमी लागतं, शिकायला वेळ लागत नाही. कोरियन पोरांमध्ये यावर एक विनोद आहे. करिअरचा तक्ता काढतात. आर्ट्सला जा, सायन्सला जा, इंजिनीअर हो, सगळे बाण फिरून फिरून शेवटी एकाच चौकोनात: चिकनचं दुकान.

म्हणजे माझा भाऊ काही जगावेगळं करत नव्हता. तो त्या पदार्थाच्या परंपरेत अगदी फिट्ट बसत होता.

आणि हेही सांगायला हवं, कारण नुसतं गोड गोड लिहिण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये केबी या तिथल्या वित्तसमूहाने एक अहवाल काढला. तेव्हा कोरियात चिकनची सुमारे ८७ हजार दुकानं होती. २०१८ या एका वर्षात ६,२०० नवी उघडली आणि ८,४०० बंद पडली. हा आकडा वाचला आणि दादाच्या खोलीकडे बघितलं. दार उघडं होतं. तो पालथा झोपला होता, हातावर तेलाचे चटके.

*

रविवारी दुपारी मी घरात सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, फोनमध्ये घातलेलं डोकं, ‘मॅडम’. दादा घरी नव्हता. आई ‘अगं बाई’ म्हणून गप्प झाली. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, ‘म्हणूनच म्हणत होतो. हे धंदे आपले नाहीत.’

‘कोनाचे हायेत मंग?’ आजीने विचारलं.

आमचं घर कोष्ट्यांचं. सावजी जेवण म्हणजे मूळचं आम्हा हलबा कोष्ट्यांचं, विणकरांचं जेवण. खोबरं, खसखस, दगडफूल, मिरी भाजून वाटलेला काळा मसाला आणि एके काळी त्यावर जवसाचं तेल. ते जेवण घरातून हॉटेलात कसं आलं, हे आपण सहसा विचारत नाही. पाचपावली-इतवारीकडचे हातमाग हळूहळू थंडावले. गिरण्याही एकेक करून बसल्या. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, तिथे आज मॉल आहे. सूत गेलं, तशी घरची चूल कमवायला लागली. समोरच्या खोलीत चार पाट मांडले, झालं भोजनालय. आज परगावचा पाहुणा आला की आपण त्याला मोठ्या दिमाखात सावजी खायला नेतो. त्या ताटामागे किती बंद पडलेले माग आहेत, हे ताटात दिसत नाही.

आमच्या आजीनेही तेच केलं होतं. हे मला माहीत होतं, पण घरात त्यावर कुणी बोलत नसे. बाबा सरकारी खात्यात लागले, आम्ही मनीषनगरला आलो, विषय संपला.

‘तुया आज्याचा माग बंद पडला तवा घरात चार लेकरं,’ आजी मला सांगत होती, बघत मात्र बाबांकडे होती. ‘पयल्या दिवशी दोन गिऱ्हाईक आले. त्यातल्या एकानं उधारी ठेवली. त्याच चुलीवर या बाबूची कॉलेजची फी निघाली.’

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शाळेत माझ्या शर्टाला मसाल्याचा वास यायचा. पोरं नाक दाबायची. एकदा वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर आमच्याकडे जेवायला आला. आईने मला हाक मारली, पाणी वाढ म्हणून. मी मागच्या दाराने पळालो. रात्री दहाला घरी आलो.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आईला सांगितलं, खेळायला गेलो होतो.’

आजी शांतपणे म्हणाली, ‘मले तवाच समजलं होतं बाबू. म्हून तं दुसऱ्या दिवसापासून पाणी वाढाले तुले हाक नाई मारली.’

पंखा फिरत होता. आई उठून चहा ठेवायला गेली. मला शुक्रवारचा दादाचा आवाज ऐकू येत होता. काय देऊ, मॅडम?

*

पुढच्या आठवड्यात मी एक काम केलं. रोज ऑफिस सुटल्यावर मेट्रो पकडून शहरात जिथे जिथे ‘कोरियन’ पाटी दिसली तिथे तिथे चिकन खाऊन आले, दादासाठी स्पर्धकांची टेहळणी म्हणून. नावं देत नाही, कारण अशी ठिकाणं आज उघडतात आणि उद्या मेनूच बदलतात. पण चांगलं ठिकाण ओळखायचं कसं, ते सांगते. एक, ऑर्डर दिल्यावर दुसरं तळण होतंय का बघा. आधीच सॉस लावून काचेत मांडून ठेवलेलं असेल तर सरळ पुढे चला. दोन, कान लावा. पहिल्या घासाला ‘कर्रर्र’ आवाज शेजारच्याला ऐकू गेला पाहिजे. तीन, सोबत साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेले पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे मिळतात का? कोरियात ते चिकनसोबत हमखास असतात, तेलकटपणा मारायला. त्याच्याऐवजी मेयोनीज पुढे केलं तर समजून जा. चार, नुसत्या टोमॅटो सॉसवर तिखट भुरभुरवलं की ते कोरियन होत नाही, तेव्हा रंगाला भुलू नका. आणि कोरियात चिकनबरोबर बिअर पितात, त्या जोडीला ‘चिमॅक’ म्हणतात. आपल्या गाडीवर ते नाही, पण संत्र्याच्या सीझनमध्ये ताजा संत्रा रस घेऊन बघा. तिखटावर मस्त जातो.

मग पुन्हा शुक्रवार आला. ‘परत तिथेच जाऊ,’ मीच म्हणाले. रस्ताभर हाताला घाम. गाडीपाशी पोचलो. दादाने मला बघितलं आणि या वेळी हसू येऊच दिलं नाही. सरळ कढईकडे वळला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘बोला मॅडम, काय देऊ?’

‘ॲप्रन दे,’ मी म्हणाले. आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, ‘हा माझा दादा. मागच्या वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.’

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, हा काही सिनेमा नव्हे. टीम लीडरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपण काय बोललो होतो, ते त्याला आठवलं असावं. दोन मिनिटांनी तो गाडीच्या बाजूला आला आणि हळूच दादाला म्हणाला, ‘माझा मोठा भाऊही गेल्या मेपासून घरी आहे. बंगलोरला होता. कुणाला सांगितलेलं नाही आम्ही.’ दादाने त्याच्या हातात प्लेट दिली. ‘घेऊन ये त्याला एकदा,’ म्हणाला.

दादाची गाडी किती चालेल, मला माहीत नाही. पावसाळ्यात धंदा निम्मा होतो, तेलाचे भाव आहेतच. तो अजूनही इंटरव्ह्यू देतो, चांगली नोकरी मिळाली तर घेईनही म्हणतो. शुक्रवारी मात्र मी गाडीवर असते. सॉस लावायचं काम माझं.

बाबा अजून गाडीवर आलेले नाहीत. पण गेल्या महिन्यापासून रोज सकाळी डायनिंग टेबलावर पेपर पसरून ते मुळे कापायला बसतात. दादाने सांगितलेलं नाही, कुणीच सांगितलेलं नाही. चष्मा लावून, एकसारखे चौकोनी तुकडे, एकही लहान-मोठा नाही. झाले की डब्यात भरतात, झाकण लावतात आणि दादाच्या पिशवीजवळ ठेवून देतात.

काल डबा जरा जडच लागला. दादाने उघडून पाहिलं.

‘आज शनिवार आहे न,’ बाबा पेपरातूनच म्हणाले. ‘गर्दी राहील.’